डाव्या पायाचा पंचनामा

महसूल खात्यात पिकाचा अंदाज बांधण्याची एक जुनी वहिवाट आहे. रुपयाचे आणे जाऊन नवे पैसे आले तेव्हापासून दप्तरात तिला पैसेवारी म्हणतात, आणि आमच्या वैतरणेकाठचे वृद्ध शेतकरी मात्र अद्याप आणेवारीच म्हणतात. तिची पहिली पायरी 'नजरअंदाज' या सार्थ नावाने ओळखली जाते. भात शेतात उभे आहे, कापणीला अवकाश आहे, आणि बांधावर उभ्या राहिलेल्या अंमलदाराने, बूट चिखलात भरणार नाहीत इतक्या बेताने मान पुढे काढून, यंदा रुपयात किती पैसे पीक आहे ते सांगावयाचे, अशी ही विद्या आहे. आकडा ५० पैशांच्या खाली गेला तर टंचाई, वर राहिला तर सारे आलबेल. या विद्येची मी पुष्कळ थट्टा ऐकली आहे आणि थोडी केलीही आहे. पण तीच विद्या आता भातावरून मुलांवर आली असून तिच्यावर विद्यापीठांत निबंध लिहिले जात आहेत, हे कळल्यापासून आमच्या तलाठ्याकडे मी अधिक आदराने पाहू लागलो आहे.

ज्या २०१३ सालच्या एप्रिलात चर्चगेटहून निघालेली लोकल विरारला न संपता थेट डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर येथील प्रजेचे भाग्य उजळले, त्याच साली ऑस्ट्रेलियातील लिसा बार्नेट आणि त्यांचे सहकारी यांनी एक निरीक्षणपत्रक प्रसिद्ध केले. अंग हलवून खेळावयाचे व्हिडिओ गेम मुले खेळत असताना त्यांच्या धावण्याची, फेकण्याची, लाथ मारण्याची प्रत नेमकी काय आहे, हे शेजारी उभे राहून डोळ्यांनी टिपावयाचे, असा त्या पत्रकाचा हेतू. या दोन घटनांचा परस्परसंबंध वाचकांच्या ध्यानात चटकन येणार नाही. मला तो विरारच्या पुलावर उभे असताना उमगला, आणि तेथपर्यंत मी वाचकांना यथावकाश नेणारच आहे.

व्हिडिओ गेम म्हणजे सोफ्यात रुतून दोन अंगठ्यांनी करावयाचा उद्योग, अशी ज्यांची समजूत असेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे प्राप्त आहे. २००६ साली निन्टेंडो या जपानी कंपनीने 'वी' नावाचे यंत्र काढले; त्यात हातातला आखूड दांडका हलवला की पडद्यावरचा खेळाडू रॅकेट फिरवी. लोकांनी तो इतक्या त्वेषाने हलवला की दांडके हातांतून सुटून खुद्द टीव्हीच्या काचेवर जाऊन बसू लागले, आणि वर्ष संपण्यापूर्वीच कंपनीला सुमारे ३२ लाख मनगटपट्टे बदलून देण्याची जाहीर तजवीज करावी लागली. पुढे २०१० च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने 'किनेक्ट' नावाचा कॅमेरा आणला, ज्यात हाती काही धरण्याचीच गरज उरली नाही. हा कॅमेरा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचे ठिपके खोलीभर पसरतो, त्यांवरून कोण किती अंतरावर आहे ते ताडतो आणि माणसाच्या देहातील २० सांधे सेकंदाला ३० वेळा टिपून घेतो. आपल्या देहात इतके सांधे आहेत याची आठवण मला एरवी फक्त पावसाळ्यात होते.

आता, मूल घामाघूम होऊन नाचते आहे एवढ्यावर शास्त्रज्ञांचे समाधान झाले असते तर ते शास्त्रज्ञ कसले? त्यांना हवे होते ते कौशल्य. आणि कौशल्याचे मोजमाप करण्यासाठी डेल उलरिक या अमेरिकन प्राध्यापकांनी १९८५ सालीच एक चाचणी सिद्ध करून ठेवली होती. तिच्या २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तीत ३ ते १० वर्षांच्या मुलांसाठी १२ कौशल्ये आहेत: ६ जागा बदलण्याची आणि ६ चेंडूशी संबंधित. चेंडू किती लांब गेला, मूल किती सेकंदांत पोहोचले, असला बाजारी प्रश्न ही चाचणी विचारीत नाही. ती रीत विचारते. धावताना हात पायांच्या उलट दिशेने आणि कोपरात वाकून हलले काय? क्षणभर दोन्ही पाय जमिनीपासून सुटले काय? पावले अरुंद पट्ट्यात पडली काय? मागचा पाय काटकोनात दुमडला काय? तसेच चेंडू फेकताना हात आधी खाली जाऊन मग वर आला काय, कंबर आणि खांदे वळले काय, फेकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूचा पाय पुढे पडला काय, आणि चेंडू सुटल्यावर हात अंगावरून तिरपा पलीकडे गेला काय? 'होय' असेल तेथे १, 'नाही' तेथे ०. साडेपंधरा आण्यांची भानगड नाही.

या शास्त्राचा माझ्याशी संबंध आला तो बोईसरास. माझा पुतण्या तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस असून त्याची पत्नी, म्हणजे आमची सूनबाई, शिक्षिका आहे. तिला कसल्याशा अभ्यासक्रमासाठी एक छोटा प्रकल्प करावयाचा होता. परदेशी असलेल्या तिच्या भावाने स्वतःच्या मुलांचे मन उडाल्यावर किनेक्ट कॅमेरा बहिणीकडे पाठवून दिला होता. कंपनीने तो कॅमेरा बनविणेही २०१७ साली थांबविले. पण बंद झालेल्या वस्तूंना बोईसरात मरण नसते. सूनबाईने उलरिकसाहेबांचे निकष मराठीत उतरवून त्यांचे तक्ते छापून आणले, एक मला दिला, एक आमच्या सौभाग्यवतींना दिला, आणि एकमेकांच्या कागदात डोकावायचे नाही अशी सक्त ताकीद देऊन आम्हां उभयतांना दिवाणावर निरीक्षक म्हणून बसविले. चाळीसहून अधिक वर्षांच्या संसारात एकमेकांच्या कागदात न डोकावण्याची ही आमची पहिलीच वेळ.

कार्यारंभी कॅमेऱ्याने हरकत घेतली. पूर्ण देह दिसण्यासाठी खेळाडू सुमारे ६ फूट दूर उभा राहावा, अशी त्याची अपेक्षा असते. दोन खेळाडू असतील तर आणखी मागे. बोईसरच्या ब्लॉकात टीव्हीपासून ६ फूट मागे जावयाचे तर दिवाण, टीपॉय आणि शिलाई यंत्र ओलांडून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहावे लागते. शिवाय पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आले की अवरक्त ठिपके दिसेनासे होतात, म्हणून पडदे ओढणे आले, आणि पडदे ओढले की पंखा लावणे आले. पंखा सुरू होताच दाराच्या खुंटीवर लटकणारा माझा सदरा हलू लागला आणि कॅमेऱ्याने त्याला दुसरा खेळाडू म्हणून नोंदवून घेतले. सदऱ्याने बॉलिंगमध्ये भाग घेतला. त्याचे गुण मी येथे देत नाही, कारण ते माझ्या नातवंडांना खाली पाहावयास लावणारे होते. कॅमेऱ्यात मान वरखाली करणारी एक मोटर आहे. प्रत्येक नव्या खेळाडूला पाहून तो दारावर आलेल्या नंदीबैलासारखा मान डोलावीत होता आणि सदऱ्यालाही तेवढ्याच आदराने डोलावीत होता.

सदरा कपाटात बंद झाल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. थोरली नात आठ वर्षांची. शाळेच्या मैदानावर ती मुलग्यांबरोबर डॉजबॉल खेळते, त्यामुळे भालाफेकीला उभी राहिली ती शास्त्रोक्त: हात खाली नेला, कंबर वळवली, डावा पाय पुढे टाकला, आणि उजवा हात असा काही सोडला की तो कपाटाच्या दाराला धडकून कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर गेला. कागदावर चारही रकान्यांत १. पडद्यावर भाला पायापाशी पडलेला. नंतर धाकटे चिरंजीव आले. वय वर्षे सहा. त्याने उजव्या हातातली चकली सोडली नाही, पाय हलविले नाहीत, डाव्या हाताचा कोपरापुढचा भाग माशी वारावी तेवढाच उचलला, आणि पडद्यावर आतषबाजी झाली. कागदावर चारही ठिकाणी ०. प्रेक्षागृहातून टाळ्यांचा कडकडाट चालू आहे, पडद्यावरचा दांडगा खेळाडू दोन्ही हात उंचावून नाचतो आहे, आणि त्याचे मूळ असलेला हा बालक चकलीचा शेवटचा वेढा चघळीत, आपले काम मनगटाने भागते हे ज्ञान झालेल्या माणसाच्या शांत चर्येने उभा आहे, असे ते दृश्य होते. मला त्याच्यात एक उत्तम सरकारी नोकर दिसू लागला.

यात यंत्राचा दोष फारसा नाही. त्याला चेंडू सुटण्याचा एक क्षण पाहिजे असतो, तेवढा मिळाला की ते तृप्त होते. डावा पाय त्याने कधी मागितलाच नव्हता. मुलाला मात्र यंत्राला नेमके काय लागते याचा छडा घटकाभरात लागतो, आणि एकदा लागल्यावर त्याहून रतिमात्र जास्त द्यावयास ते राजी नसते. शिवाय पडद्यावरच्या चेंडूला वजन नाही, झेलावयाचे म्हटले तर हातात काही येत नाही, लाथ मारावी तर अंगठ्याला लागत नाही. मग हाताने आणि पायाने शिकावे तरी कशापासून? ऑस्ट्रेलियातल्या मंडळींनी पुढे ६ ते १० वर्षांच्या मुलांना ६ आठवडे असले पडद्यावरचे मैदानी खेळ खेळावयास दिले आणि न खेळलेल्या मुलांशी त्यांची तुलना केली, तेव्हा चेंडूच्या कौशल्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. हा निष्कर्ष चकलीवाल्या चिरंजीवांना वाचून दाखविला असता त्यांनी तो मान्य केला असता, असे मला वाटत नाही. त्यांच्या खाती त्या दिवशी सर्वाधिक गुण होते.

एका खेळाडूकडे पाहून दोन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे तेच लिहिले पाहिजे, नाहीतर मापनाला शास्त्रात किंमत नाही. याला विश्वसनीयता म्हणतात. आमचे तक्ते ताडून पाहिले तेव्हा सूनबाईचा चेहरा पडला. नातीच्या बाबतीत आमचे एकमत होते. नातवाच्या 'विरुद्ध बाजूचे पाऊल' या रकान्यात मी ० लिहिले होते आणि सौभाग्यवतींनी १.

"पाय हलला तरी का त्याचा?" मी विचारले.

"पडला असता, पण टीपॉय आडवा होता," त्या म्हणाल्या. "मनातून त्याने टाकलाच होता."

आजीपणाच्या या दृष्टीवर संख्याशास्त्रात अद्याप तोड निघालेली नाही. परंतु विश्वसनीयता म्हणजे यथार्थता नव्हे, हा भेद समजावून घेण्यासाठी परदेशी ग्रंथ वाचण्याची आपल्याकडे गरज पडू नये. त्यासाठी पंचनामा वाचावा. पंचनाम्यात दोन पंच असतात, दोघेही समक्ष हजर असतात, आणि दोघांचे म्हणणे काना-मात्रा-वेलांटीसह तंतोतंत जुळते, कारण मजकूर अगोदर लिहून झालेला असतो आणि पंचांनी फक्त सही किंवा अंगठा करावयाचा असतो. पूर्ण शंभर टक्के विश्वसनीयता. घटना तशी घडली होती की नाही, हा यथार्थतेचा प्रश्न कोर्टासाठी राखून ठेवलेला असतो. मी ही तोड सूनबाईंना सुचविली, की त्यांनी मजकूर लिहावा आणि आम्ही अंगठे करावे. त्यांनी ती नापसंत केली. नवी पिढी कामाची खरी, पण तिला दप्तराची परंपरा ठाऊक नाही.

'एका पायावर उडी' या कौशल्याच्या वेळी वेगळाच प्रसंग गुदरला. झुलणारा पाय लंबकासारखा पुढे यावा, त्याचे पाऊल देहाच्या मागे राहावे, आणि उडी मारणारा पाय तीन वेळा लागोपाठ जमिनीवर यावा, असे निकष मी मोठ्याने वाचताच आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "म्हणजे लंगडीच की!" आणि ज्या काळी सफाळ्याच्या शाळेत त्या एका दमात अख्खा संघ बाद करीत असत त्या काळाची आठवण अनावर होऊन, निरीक्षकाचे पद तात्पुरते सोडून, पदर खोचून त्या मैदानात उतरल्या. कॅमेऱ्याने मान डोलावली. त्यांनी दोन्ही पायांवर निकष पूर्ण केले. पडद्यावरच्या खेळाडूलाही प्रथमच लंगडी घालावी लागली आणि तो गोंधळून कोलमडला. मी लिहीत होतो तोच दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ अत्यंत सौजन्याने विचारीत होते की वर काही दळण वगैरे चालले आहे काय, कारण त्यांच्या देवघरातली समई हलते आहे. त्यांना चहा दिला. चहा घेता घेता त्यांनीही धाकट्याचे गुण पाहिले आणि मुलगा पुढे नाव काढील असे मत दिले.

मुलांना मोजण्याचे वेड केवळ परदेशी आहे, असे कोणी समजू नये. फिट इंडिया मोहिमेची घोषणा २०१९ च्या २९ ऑगस्टला झाली, आणि खेलो इंडियाच्या शालेय चाचण्यांत पहिली ते तिसरीच्या मुलांना उंची-वजनाखेरीज दोन परीक्षा द्याव्या लागतात. एकीत ३ सेंटिमीटर रुंदीच्या लाकडी पट्टीवर मिनिटभर एका पायावर उभे राहून तोल किती वेळा गेला ते मोजतात. तिला फ्लेमिंगो पक्ष्याचे नाव आहे. आमच्या खाजणात बगळ्यांचे थवे दिवसभर हीच परीक्षा विनामूल्य देत असताना परमुलखातले नाव आणण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न मी एका क्रीडाशिक्षकांना केला, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, परिपत्रकात तसे आहे." दुसरी परीक्षा दोन चकत्यांवर हात आळीपाळीने आपटण्याची, २५ फेऱ्यांची. तिचा उपयोग मला ताबडतोब पटला. शाईच्या पॅडावरून कागदावर आणि कागदावरून पॅडावर ज्याचा हात असा विनाविलंब फिरतो, त्याला कोणत्याही कचेरीत आवक-जावक विभाग मोकळा आहे. चौथीपासून पुढे ५० आणि ६०० मीटर धावणे, बसून पायांच्या बोटांकडे हात नेणे वगैरे गंभीर प्रकार सुरू होतात.

तोलाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. वैतरणेच्या खाडीत वाढीव नावाचे बेटावरचे गाव आहे. तेथील माणसे वर्षानुवर्षे रेल्वेच्या पुलाच्या कडेने चालत वैतरणा स्थानक गाठत आली आहेत, दप्तरे पाठीला लावलेली मुलेसुद्धा. खाली भरतीचे पाणी, बाजूने धडधडत जाणारी मेल गाडी. तेथे तोल गेल्याची मोजदाद पेन्सिलीच्या रेघांनी करीत नाहीत. असो.

आता विरारचा पूल. डहाणूकडे जाणारी लोकल कोणत्या फलाटावर येते आहे ते ध्वनिक्षेपकावरून कळताच पुलावर ताटकळलेला जो जनसमुदाय जिन्यावर लोटतो, त्याच्याकडे सूनबाईंचा तक्ता हाती घेऊन एकदा पाहावे. दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले: सर्वांचे. पावले अरुंद पट्ट्यात: जिन्यावर दुसरा पट्टाच उपलब्ध नसतो. हात कोपरात वाकलेले: एकात डबा, दुसऱ्यात भाजीची पिशवी, सरळ राहतील कसे? उलरिकसाहेबांनी मुलांसाठी वेगवेगळी मांडलेली बाजूने सरकणे, घोडदौड, लांब झेप ही सारी कौशल्ये येथे एका देहात आणि दीड मिनिटात एकवटतात. आणि त्यातले बहुसंख्य उमेदवार पन्नाशीचे असतात. २०१३ साली लोकल पुढे आली आणि त्याच साली हे पत्रक निघाले, ही योजना नियतीची. पत्रक मात्र पोहोचले भलत्याच खंडात.

आणि ज्याला फेकणे म्हणावे ते पाहण्यासाठी ओहोटीच्या वेळी आमच्या खाडीवर यावे. दहा-बारा वर्षांचा पोर गुडघाभर चिखलात उभा असतो. पागाची, म्हणजे फेकजाळ्याची, दोरी मनगटाला गुंडाळलेली, जाळ्याचा एक पदर कोपरावर, शिशाच्या गोळ्यांच्या काठाचा एक बिंदू दातांत, उरलेला घोळ उजव्या मुठीत. तो आधी पाण्याकडे पाठ होईपर्यंत कंबर वळवतो, मग उलट फिरतो, हात सुटतात, शेवटी दात सुटतात, आणि पाग हवेत गोल उघडून पाण्यावर पडतो. दात क्षणभर उशिरा सुटले तर जाळे लांबट पडते आणि बोयटे बाजूने निसटतात. आणखी उशीर झाला तर दातच जातो. दातांचा रकाना कुठल्याही तक्त्यात नाही. या पोराला मी एकदा किनेक्टविषयी सांगितले. त्याने सगळे ऐकून घेऊन विचारले, "मग मासली कोन पकडते?"

बोईसरचा प्रकल्प मात्र तडीस गेला नाही, कारण त्याच सायंकाळी वीज गेली. देशातले पहिले अणुवीज केंद्र, जे १९६९ सालापासून तारापुरास वीज निर्माण करीत आहे, ते तेथून हाकेच्या अंतरावर. तरी दिव्याखाली अंधार हा निसर्गनियम असल्याने त्यात कोणाचा काडीमात्र दोष नाही. नंदीबैलाची मान अर्ध्यात थांबली. सूनबाईंनी तक्ते गोळा केले आणि आम्ही परतीच्या गाडीसाठी निघालो, ते निरोपाच्या बोलण्यात नेहमीप्रमाणे उशीर करून. पोचवावयास आलेल्या नातीने एक कोरा तक्ता आणि पेन्सिल बरोबर घेतली होती, याकडे माझे लक्ष गेले नाही. फलाटावर पाऊल टाकतो तो लोकल हलण्याच्या बेतात. सौभाग्यवती लंगडीच्या दिवसांतल्या चपळाईने डब्यात शिरल्या, आणि मी चिकूंची पिशवी पोटाशी धरून धावलो, म्हणजे धावलो असे मला तेव्हा वाटले. दांडी धरून आत आलो तेव्हा खिडकीबाहेर नात गाडीबरोबर पळत होती, हात कोपरात वाकलेले, पावले अरुंद पट्ट्यात, सर्व निकष बिनचूक, आणि ओरडत होती, "आजोबा, दोन्ही पाय एकदासुद्धा सुटले नाहीत! शून्य!"

"लिही एक," सौभाग्यवती खिडकीतून म्हणाल्या, "मनातून सुटले होते."